उशिरा निघालेले विमान आणि प्रवाशाचे हक्क



गेल्या वर्षी अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर आईसोबत उभे राहावे, या एकाच हेतूने मी लंडनहून निघालो होतो. हीथ्रोवर विमानात तांत्रिक बिघाड निघाला. मुंबईस पोहोचण्यास साडेतीन तास उशीर झाला आणि नागपूरचे विमान निघून गेले. आई दिवसभर वाट पाहत होती. मी पोहोचलो तेव्हा दीक्षाभूमीवरील गर्दी ओसरू लागली होती.

‘नशीब’ म्हणून असा प्रसंग सोडून देणारी कुटुंबे आपल्यात पुष्कळ आहेत. परंतु ज्या लंडनमध्ये बाबासाहेब ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले, तेथे राहून कायद्याने दिलेला हक्क न मागणे आपल्याला शोभत नाही.

ब्रिटनमधून निघणाऱ्या कोणत्याही कंपनीच्या विमानाला तेथील नुकसानभरपाईचा कायदा लागू होतो. ३,५०० किलोमीटरहून लांबच्या प्रवासात चार तास वा अधिक उशीर झाल्यास प्रत्येकी ५२० पौंड, तर तीन ते चार तासांच्या उशिरास २६० पौंड मिळतात. विमानाचे दार उघडते तो क्षण पोहोचण्याची वेळ मानला जातो. निघण्यासच चार तास वा अधिक उशीर होत असेल, तर जेवणखाण आणि रात्र काढावी लागल्यास हॉटेल देणे कंपनीवर बंधनकारक आहे. पाच तासांनंतर प्रवास रद्द करून तिकिटाचे पैसे परत घेता येतात.

खराब हवामान किंवा हवाई वाहतूक नियंत्रणाचे निर्बंध यांसारख्या असाधारण परिस्थितीत भरपाई मिळत नाही. जेवण व निवास मात्र मिळतात. नेहमीचा तांत्रिक बिघाड असाधारण ठरत नाही, असा निर्णय इंग्लंडच्या अपील न्यायालयाने २०१४ मध्ये दिला आहे. माझा पहिला अर्ज ‘असाधारण परिस्थिती’ म्हणून फेटाळला गेला. या निर्णयाचा उल्लेख करून दुसरे पत्र पाठविल्यावर २६० पौंड मिळाले.

चूक माझीही होती. नागपूरचे तिकीट मी स्वतंत्र काढले होते, त्यामुळे ते पैसे बुडाले. लंडन ते नागपूर एकच आरक्षण असते, तर पुढच्या विमानात बसविण्याची जबाबदारी कंपनीची राहिली असती आणि उशीर नागपूरला पोहोचण्याच्या वेळेवरून मोजला गेला असता.

परतीच्या प्रवासात हा कायदा ब्रिटिश वा युरोपीय कंपन्यांनाच लागू होतो. भारतीय कंपनीच्या बाबतीत भारताचे विमान वाहतूक नियम पाहावे लागतात. त्यांत उशिरासाठी ठरावीक रोख भरपाई नाही. मात्र सहा तासांहून अधिक उशीर होणार असल्यास पर्यायी विमान वा परतावा मागता येतो. प्रत्यक्ष झालेल्या खर्चासाठी मॉन्ट्रियल करारान्वये दोन वर्षांच्या आत दावा करता येतो. म्हणून पावत्या जपाव्यात.

बोर्डिंग पास ठेवावा, सूचनाफलकाचे छायाचित्र घ्यावे आणि उशिराचे कारण लेखी मागावे. इंग्लंडमध्ये दाव्यासाठी सहा वर्षांची मुदत आहे. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीमार्गे जाणाऱ्यांनी धुक्याचा विचार करून मध्ये पुरेसा वेळ ठेवावा.

पैसे मिळाले, पण तो दिवस परत मिळाला नाही. यंदा एकाच आरक्षणावर, दोन दिवस आधी पोहोचण्याच्या बेताने तिकीट काढले आहे. आईला तसे कळविलेही आहे.