खेड्यातल्या वाटांसाठी जुनी फोर बाय फोर

पावसाळ्यात शिवारातल्या वाटेवर गाडी रुतते तेव्हा इंजिन बहुधा ठणठणीत असते. अडचण चाकांची असते. साध्या गाडीत इंजिनचा जोर दोनच चाकांना मिळतो आणि त्या दोहोंमधले डिफरन्शियल असे बनवलेले असते की ज्या चाकाला अडथळा कमी, तेच जास्त फिरते. वळणावर ही सोय ठरते, चिखलात तीच मुळावर येते. एक चाक गाळात गरगर फिरत राहते आणि दुसरे घट्ट जमिनीवर असूनही ढिम्म हलत नाही. फोर बाय फोर गाडीत हा जोर उरलेल्या दोन चाकांनाही देता येतो. गिअरबॉक्सच्या मागची ट्रान्सफर केस हे काम करते. मुख्य गिअरच्या दांड्याशेजारची छोटी दांडी, किंवा काही गाड्यांतले गोल बटण, तिच्यासाठीच असते.

या दांडीच्या नेहमीच्या जागा तीन. टू-एच म्हणजे दोन चाकांवर रोजची धाव, फोर-एच म्हणजे चारही चाकांवर साधा वेग आणि फोर-एल म्हणजे चारही चाकांवर मंद चाल. फोर-एलमध्ये वेग घटतो आणि चाकांवरचा जोर ढोबळमानाने दोन ते अडीच पट होतो. भरलेली ट्रॉली चढावर ओढायची असो की दगडगोट्यांच्या उतारावर ब्रेक न तापवता उतरायचे असो, खरा उपयोग या मंद चालीचा आहे.

जुनी गाडी घेणाऱ्याने एक गोष्ट इथेच लक्षात ठेवावी. वळण घेताना पुढची आणि मागची चाके सारखे अंतर कापत नाहीत. चिखलात किंवा मुरमावर चाके थोडी घसरून हा फरक भरून काढतात. कोरड्या डांबरावर ती घसरत नाहीत, मग सगळा पीळ शाफ्ट आणि ट्रान्सफर केसवर येतो. हौसेखातर डांबरी रस्त्यावर फोर-एच लावून फिरवलेली गाडी बाहेरून चकचकीत दिसली, तरी आतून झिजलेली असू शकते.

फोर बाय फोर लागतेच का, हा प्रश्न मात्र मॉडेल निवडण्याच्या आधीचा आहे. गावापर्यंत डांबर आणि पुढे दीड-दोन किलोमीटर मुरमाची वाट एवढाच प्रवास असेल, तर मागच्या चाकांवर चालणारी बोलेरो चांगल्या टायरांवर वर्षभर काम भागवते. महाराष्ट्रातल्या खेडोपाडी धावणाऱ्या बहुतेक बोलेरो अशाच आहेत. फोर बाय फोरचा जादा शाफ्ट, जादा डिफरन्शियल, वाढलेले वजन आणि डिझेलचा खर्च हे सगळे मालकाला बाराही महिने वागवावे लागते, मग ती दांडी वर्षातून चारदा पडो की चाळीसदा. शिवाय ब्रेक लावताना चार चाकांच्या जोराचा काहीच फायदा नसतो. ओल्या घाटात ब्रेक दाबल्यावर फोर बाय फोरही इतर गाड्यांसारखीच घसरते.

गरज ठरवते ती माती. मराठवाडा-विदर्भातली काळी माती भिजली की टायरच्या खाचांत भरते आणि थोड्याच वेळात टायर गुळगुळीत लाटण्यासारखा होतो. अशा जमिनीत चार चाकांइतकेच महत्त्व खोल खाचांच्या टायरांना आणि गाडीच्या हलकेपणाला आहे. साधारण एक टन वजनाची, अरुंद टायरांची जिप्सी जिथून निघून जाते, तिथे तिच्या दुप्पट वजनाची फॉर्च्युनर किंवा एंडेव्हर पोटापर्यंत रुतू शकते. कोकणातल्या जांभ्याच्या चढ-उतारावर हिशेब वेगळा. तिथे जमीन घट्ट पण वाट उभी, म्हणून मंद चालीचा गिअर आणि पोटाखालची उंची यांना किंमत. आणि काळ्या मातीत आत जाऊन फोर बाय फोरच रुतली, तर ट्रॅक्टरही तितक्याच आत न्यावा लागतो, हेही घेणाऱ्याने गृहीत धरावे.

जुन्या बाजारात या वर्गाच्या गाड्या मोजक्याच. मारुतीची जिप्सी १९८५ मध्ये आली, १९९६ मध्ये तिला १.३ लिटरचे इंजिन मिळाले आणि पुढे दोन दशकांहून अधिक काळ ती विकली गेली. चारही बाजूंना पाटे असल्याने ती हाडे खिळखिळी करते आणि पेट्रोलही भरपूर पिते. पण तिची रचना साधी आहे आणि ती जाणणारे मिस्त्री अनेक ठिकाणी सापडतात. महिंद्राची पहिली थार २०१० ची. तिच्यातले अडीच लिटरचे सीआरडीई डिझेल इंजिन त्या काळातल्या महिंद्राच्या इतर गाड्यांच्या कुळातले असल्याने तालुक्याच्या गॅरेजवाल्याला ते परके नाही. २०२० ची थार हे वेगळेच वाहन आहे. जमिनीपासून २२६ मिलिमीटर उंच, बसायला आरामशीर, आणि मागणी टिकून असल्याने जुनीही महागच. फोर्सच्या गुरखाला पुढे-मागे दोन्ही डिफरन्शियल लॉक मिळतात. ते लावले की एकेक चाक हवेत असले तरी दुसरे चाक ओढते. तिची जुनी गाडी मिळणे मात्र कठीण. सफारी आणि स्कॉर्पिओचे फोर बाय फोर प्रकार कुटुंबासाठी सोयीचे, तर इसुझूची व्ही-क्रॉस शेतमालासाठी. रेनॉ डस्टरच्या ऑल व्हील ड्राइव्ह प्रकारात मंद चालीची वेगळी श्रेणी नाही. ओल्या घाटासाठी आणि कच्च्या वाटेसाठी ती उत्तम, खोल चाकोऱ्यांसाठी नव्हे.

नावावर विसंबणे धोक्याचे, कारण यांतली बरीच नावे दोन चाकांच्या गाड्यांनाही आहेत. जानेवारी २०२३ पासून थारही फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या प्रकारात विकली जाऊ लागली. मागे ‘४×४’ची अक्षरे चिकटवणे शंभर-दोनशे रुपयांचे काम आहे. खात्री करायची तर गाडीखाली वाकावे. पुढच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट आणि पुढचे डिफरन्शियल दिसले पाहिजे.

गाडी कुठून आली यावर तिच्या दुखण्यांचा अंदाज येतो. दिल्ली परिसरात दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी घातल्यानंतर तिकडच्या बऱ्याच गाड्या इतर राज्यांत विकल्या गेल्या. त्या स्वस्त वाटतात, पण इथला कर भरून एमएच नंबर घेईपर्यंत फरक आटतो. लष्कराच्या लिलावातल्या जिप्सी दणकट असतात. मात्र लष्करी हिरवा रंग खासगी गाडीला चालत नाही, म्हणून रंग बदलण्याचा खर्च ठरलेला. हरियाणा-पंजाबच्या सीमेवरचे मंडी डबवाली सुटे भाग जोडून बांधलेल्या जीपांसाठी प्रसिद्ध आहे. त्या दिसायला झोकदार, पण चेसिस एकीचा, इंजिन दुसरीचे आणि कागद तिसरीचे असा मामला असेल, तर ती गाडी कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये. २०१९ च्या पुरात कोल्हापूर-सांगलीत आणि २०२१ च्या पुरात चिपळूण-महाडमध्ये असंख्य गाड्या बुडाल्या. पाण्यात राहिलेली गाडी ओळखायची तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा आणि गालिचा उचलावा. धुलाईतून सुटलेला गाळ तिथे सापडतो.

तपासणीचा मुख्य भाग गाडीच्या पोटाखाली आहे, रंगाच्या तकाकीत नाही. रॅम्प किंवा खड्डा असलेले गॅरेज गाठून, आपल्या ओळखीचा मिस्त्री सोबत घेऊन तो करावा. विकणाऱ्याच्या मिस्त्रीचे मत हे विकणाऱ्याचेच मत असते. आधी चेसिस पाहावा. पाट्यांच्या कड्या आणि शॉकअॅब्सॉर्बर जिथे जोडलेले असतात, तिथे तडे, नवे वेल्डिंग किंवा ताज्या काळ्या रंगाचा थर असेल तर कारण विचारावे. समुद्रकाठच्या गाडीचा चेसिस खारट हवेने आतून गंजतो. छोट्या हातोडीने ठोकल्यावर खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला, तर पत्रा पातळ झाला आहे. मग दोन्ही डिफरन्शियलचे आणि ट्रान्सफर केसचे ऑइल बोल्ट सैल करून थोडे काढून पाहावे. दुधट ऑइल म्हणजे ओढ्यातून जाताना आत पाणी शिरले आणि नंतर कोणी ते बदलले नाही. ऑइलमध्ये बारीक लोखंडी कण चमकत असले तर दाते झिजले. शाफ्ट हाताने धरून पिळल्यावर क्रॉसमध्ये खडखड जाणवली तर तो बदलावा लागेल. तो खर्च फार नसतो, पण भाव उतरवायला उपयोगी पडतो. पुढच्या चाकांच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेले असेल तर बूट किंवा सील फाटलेले आहे.

चाचणीची फेरी डांबरावर संपवू नये. मोकळ्या मातीच्या जागेवर फोर-एच लावून सरळ चालवावे, मग थांबून फोर-एल. दांडी आपोआप बाहेर उडी मारत नाही ना, बटणाच्या गाडीत दिवा नुसता लुकलुकत राहत नाही ना, हे पाहावे. डॅशबोर्डवरचा दिवा लागला म्हणजे पुढची चाके जोडली गेलीच असे नाही. निसरड्या चढावर गाडी हळू चढवताना पुढची चाकेही माती उडवतात का, हे बाहेर उभ्या माणसाने पाहावे. वर्षानुवर्षे न वापरलेली ट्रान्सफर केस अनेकदा अडकून बसलेली असते. ‘फोर बाय फोर कधी लावलीच नाही’ ही विकणाऱ्याची फुशारकी म्हणूनच शंकेची बाब आहे. चारही टायर एकाच मापाचे आणि साधारण सारख्या झिजेचे हवेत. ऑल व्हील ड्राइव्हमध्ये हा नियम आणखी कडक.

डिझेल गाडी एप्रिल २०२० नंतरची, म्हणजे बीएस-६ असेल तर धुराड्यातल्या गाळणीचाही विचार करावा. साचलेली काजळी जाळून टाकण्यासाठी गाडी अधूनमधून सलग, बऱ्या वेगाने पळावी लागते. घर ते शेत अशा चार किलोमीटरच्या फेऱ्यांत ती संधी मिळत नाही, गाळणी तुंबते आणि ती बदलायची वेळ आल्यास खर्च मोठा होतो. ज्याची गाडी गाव सोडून क्वचितच बाहेर पडते, त्याला चांगली राखलेली बीएस-४ अधिक सोयीची.

कागदपत्रांत आरसीवरचा चेसिस आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी ताडून घ्यावा. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०, कर्जाचा बोजा उतरवायला फॉर्म ३५, आणि परराज्यातल्या गाडीसाठी तिथल्या आरटीओची ना हरकत, म्हणजे फॉर्म २८ लागतो. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. पुढे दर ५ वर्षांनी गाडी तपासून ती वाढवावी लागते आणि महाराष्ट्रात त्यासोबत पर्यावरण कर भरावा लागतो. विम्यावरचे नाव १४ दिवसांत बदलून घ्यावे. गाडीच्या मूळ रचनेत केलेले फेरफार ग्राह्य नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. पुढे बसवलेल्या लोखंडी बंपरांविरुद्ध केंद्राच्या सूचना २०१७ पासूनच आहेत. म्हणून उंच केलेली, रुंद टायरांची, लोखंडाने मढवलेली गाडी पाहताना ते सगळे उतरवण्याचा खर्च किमतीतून वजा धरावा. शिवाय अशी गाडी बहुधा खडकांवर चढण्याच्या हौशी शर्यतीतून आलेली असते.

किंमत ठरवताना ताब्यात घेतल्यानंतरचा पहिला खर्च आधीच बाजूला काढावा. त्यात इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरन्शियलचे ऑइल, सगळे क्रॉस ग्रीस करणे, आणि बहुधा टायर. पुढे देखभालीत एकच जादा काम उरते. महिन्यातून एकदा मातीच्या वाटेवर फोर-एच लावून दोन-तीन किलोमीटर गाडी चालवायची, म्हणजे पुढच्या डिफरन्शियलचे ऑइल फिरत राहते, सील कोरडे पडत नाहीत आणि जूनच्या पहिल्या पावसात दांडी अडत नाही.