विषय आणि प्रश्न यांत फरक काय? 'कुंकू' (१९३७) वरून समजून घेऊ

पेटची तयारी करताना बहुतेक जण अडतात ते एकाच ठिकाणी. विषय असतो, पण संशोधनाचा प्रश्न सापडत नाही. मी विज्ञान शाखेचा आहे, पण आज उदाहरण सिनेमाचं घेऊ.

समजा विषय घेतला, 'सुरुवातीच्या मराठी बोलपटांतील लग्न, व्यभिचार आणि मत्सर'. हा फक्त विषय झाला. आता समोर प्रभातचा 'कुंकू' ठेवा. दिग्दर्शक व्ही. शांताराम, आधार ना. ह. आपटे यांची 'न पटणारी गोष्ट' ही कादंबरी. पोरक्या नीराचं (शांता आपटे) लग्न फसवून म्हाताऱ्या विधुर काकासाहेबांशी (केशवराव दाते) लावलं जातं. ती त्यांना नवरा मानायला नकार देते. सावत्र मुलगा अंगलट येतो, त्याला ती चोपते. शेवटी काकासाहेब तिला मोकळं करण्यासाठी जीव देतात.

पायरी १: निरीक्षण आणि अर्थ वेगळे लिहा. 'नीरा नवऱ्याला नाकारते' हे निरीक्षण. 'ती बेइमान आहे' हा अर्थ, आणि तो चुकीचा. व्यभिचाराच्या गोष्टीत तिसरा माणूस लागतो. इथं तो नाहीच. म्हणजे विषयातला आपलाच शब्द या सिनेमाला लागू होत नाही. हे कळणं हीच संशोधनाची सुरुवात.

पायरी २: तुलना शोधा. प्रयोगशाळेत आपण कंट्रोल ठेवतो. इथं तो आयता मिळतो. हाच सिनेमा त्याच वर्षी 'दुनिया न माने' म्हणून हिंदीतही झाला. दिग्दर्शक तोच, प्रमुख कलाकार तेच. दोन्हींत काय टिकलं, काय बदललं याचा तक्ता करा.

पायरी ३: काळ तपासा. १९२९ च्या सारडा कायद्यानं मुलीचं लग्नाचं किमान वय १४ केलं, पण नवरा-बायकोच्या वयातल्या अंतरावर बंधन घातलं नाही. काही जातींत रूढीनं काडीमोड होत असे, पण मुंबई प्रांतात हिंदूंना घटस्फोटाचा कायदा मिळाला तो १९४७ मध्ये. मग १९३७ च्या नीराला सुटायला वाट कुठली? नवऱ्याचा मृत्यू. शेवट भडक वाटतो, पण त्यामागं कायद्याची ही अडचण आहे.

आता प्रश्न तयार झाला: 'घटस्फोटाचा कायदा नसताना बोलपटांनी नकोशा लग्नातून स्त्रीची सुटका कशी दाखवली?' यात काळ आहे, साहित्य आहे आणि उत्तर चुकीचं ठरण्याची शक्यताही आहे. एखाद्या बोलपटात नायिका नवरा जिवंत असताना सुटली, तर आपलं गृहीतक तपासावं लागेल.

आमच्या सोनारीकडं (ता. परंडा) आजही 'पोरगी उजवली, सुटलो' असं म्हणतात. सुटलं कोण, हे विचारलं की विषयाचा प्रश्न होतो.

तुमचा विषय एका ओळीत लिहा आणि त्यातला कोणता शब्द तुम्ही न तपासता धरला आहे, ते शोधा.