प्रकल्प गेला तरी ज्ञान गावात राहावे

गावात एखादा प्रकल्प येतो. चार-पाच वर्षे शेतीशाळा भरतात, मातीचे नमुने घेतले जातात, पाणलोटाचे नकाशे तयार होतात. मुदत संपली की कंत्राटी तज्ज्ञ दुसरीकडे रुजू होतात आणि दप्तर जिल्ह्याला जाते. बंधारा गावातच राहतो. परंतु त्याची दारे केव्हा बसवायची व गाळ केव्हा काढायचा, हे सांगणारे कोणी उरत नाही. दोन-तीन पावसाळ्यांत केलेला खर्च वाया जातो.

नागपूरच्या गांधीबागेतील कापडाचा ठोक व्यापारी अशी चूक करीत नाही. मुनीम बदलला तरी खातेवही पेढीवरच राहते, म्हणून उधारी बुडत नाही. प्रकल्पातील ज्ञानही असेच कायम संस्थेच्या वहीत उतरले पाहिजे.

हे होऊ शकते, याची दोन उदाहरणे आपल्याकडे आहेत. राष्ट्रीय कृषी तंत्रज्ञान प्रकल्पात 'आत्मा' ही व्यवस्था देशातील 28 जिल्ह्यांत अजमावण्यात आली. त्यांत आपल्या विदर्भातील अमरावती जिल्हा होता. पुढे प्रकल्प संपला, 'आत्मा' मात्र टिकली. कारण ती जिल्हा पातळीवरील नोंदणीकृत संस्था होती, जिल्ह्याचा विस्तार आराखडा लेखी होता आणि कारभारात शेतकऱ्यांना स्थान होते. 2005-06 पासून केंद्र शासनाने ती इतर जिल्ह्यांतही नेली.

दुसरे उदाहरण महिला आर्थिक विकास महामंडळाच्या 'तेजस्विनी' कार्यक्रमाचे. तो 2007 ते 2018 या काळात राबविण्यात आला. त्यात बचत गटांची लोकसंचालित साधन केंद्रे उभी राहिली. हिशेब तपासणी, कर्जप्रस्ताव अशा कामांसाठी ही केंद्रे गटांकडून सेवाशुल्क घेतात. स्वतःचे उत्पन्न असल्याने कार्यक्रम संपल्यावरही केंद्रांचे काम चालू राहिले.

यावरून आपल्या गावात पुढीलप्रमाणे व्यवस्था करावी :

1. प्रकल्पाच्या पहिल्याच वर्षी त्याचा वारस ठरवावा. ग्रामपंचायत, सहकारी संस्था किंवा शेतकरी उत्पादक कंपनी यांपैकी कोण काम पुढे नेणार, याचा ठराव ग्रामसभेत घ्यावा.

2. प्रत्येक काम गावातील किमान दोघांनी शिकावे. उदा. गुलाबी बोंडअळीच्या कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ किंवा अधिक पतंग आढळल्यास उपाययोजना करावी लागते. ही मोजणी एकालाच येत असेल व तो गाव सोडून गेला, तर सापळे नुसते टांगलेले राहतात.

3. माती परीक्षणाचे अहवाल, पाणलोटाचे नकाशे, विहिरींच्या पाणीपातळीच्या नोंदी व यंत्रांची माहितीपत्रके यांच्या प्रती संस्थेच्या कपाटात ठेवाव्यात.

4. अवजारांचे भाडे व सेवाशुल्क स्वतंत्र बँक खात्यात जमा करावे. त्यातून दुरुस्ती व नोंदी ठेवणाऱ्याचे मानधन भागवावे.

5. शेवटच्या वर्षी सर्व कामे गावकऱ्यांनी करावीत, तज्ज्ञांनी केवळ पाहावे. चुका त्याच वर्षी दुरुस्त होतात. पुढील अडचणींसाठी कृषि विज्ञान केंद्राशी संपर्क कायम ठेवावा.

नवीन प्रकल्पाचे अधिकारी गावात येतील तेव्हा अनुदान किती, हे अवश्य विचारा. त्याबरोबरच, "साहेब, तुम्ही गेल्यावर हे काम कोण करणार?" हेही पहिल्याच बैठकीत विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.