माठ पाझरतो, बरणी का पाझरत नाही?

माठ आणि लोणच्याची बरणी, दोन्ही मातीचीच. पण माठात लोणचे घालून ठेवले तर मीठ आणि तेल बाहेर झिरपू लागेल. आणि बरणीत पाणी ठेवले तर ते मुळीच गार होणार नाही. बरणीला आपण 'चिनी मातीची' म्हणतो, परंतु पुष्कळशा बरण्या 'स्टोनवेअर' या प्रकारच्या, म्हणजे दगडासारख्या घट्ट भाजलेल्या असतात. इंदापूर किंवा बारामती परिसरातील एखाद्या मुलाने ठरवले, की वाटी, ताटली आणि बरणी ही सारी एकाच मातीतून घडवायची, तर त्याने कोणती माती निवडावी?

प्रथम पायाखालची माती पाहू. दख्खनचा बेसाल्ट खडक झिजून आपली काळी माती बनली. तिच्यात माँटमोरिलोनाइट हे खनिज बरेच असते. ते पाणी शोषून फुगते आणि वाळताना आकसते. उन्हाळ्यात रानाला भेगा पडतात त्या यामुळेच. म्हणून कुंभार नदीकाठचा गाळ निवडतो आणि त्यात राख किंवा लीद मिसळतो. लीद जळून गेली की तिच्या जागी बारीक छिद्रे राहतात. त्यांतून पाणी पाझरते, बाष्प होऊन उडते आणि त्यासाठी लागणारी उष्णता माठातून घेते. माठाची सच्छिद्रता हा दोष नसून गुण आहे.

ही कला आपल्याकडे फार जुनी आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे १९६८ ते १९८३ या काळात झालेल्या उत्खननात तीन हजार वर्षांपूर्वीची सुबक मडकी मिळाली.

मग हीच माती जास्त तापवून बरणी का करू नये? स्टोनवेअरला सुमारे १२०० ते १३०० अंश सेल्सिअस तापमान लागते. काळ्या मातीत लोह आणि चुना भरपूर असतो आणि हे दोन्ही 'अभिवाह' आहेत, म्हणजे इतर घटकांना लवकर वितळवतात. त्यामुळे एवढ्या तापमानापर्यंत जाण्याआधीच ती फुगते, वाकते आणि भट्टीतल्या फळीला चिकटते. शिवाय चुनखडीचा खडा भाजताना त्याचा कळीचा चुना होतो. पुढे हवेतील दमटपणा शोषून तो फुगतो आणि भांड्याचा टवका उडवतो.

स्टोनवेअरची माती वेगळी असते. तिच्यात केओलीन हा उच्च तापमानाला टिकणारा घटक प्रमुख असतो. चंद्रपूरकडे कोळशाच्या थरांसोबत उच्चतापसह माती सापडते, सिंधुदुर्गात केओलीन मिळते, तर गुजरातेतील थानगढचा मृत्तिका उद्योग प्रसिद्ध आहे. अशा मातीत फेल्स्पार आणि क्वार्ट्‌झ मिसळतात. फेल्स्पार वितळून त्याची काच होते, ती कणांमधील छिद्रे भरते, आणि केओलीनपासून बनलेले सुईसारखे मुलाइटचे स्फटिक भांड्याचा सांगाडा सांभाळतात. म्हणून भांडे घट्ट होते, पण कोसळत नाही.

आता निवड. चाकावर माती सहज उठावी यासाठी ती बारीक आणि चिकट हवी. पण जितके कण बारीक, तितके पाणी अधिक आणि आकसणेही अधिक. मोठ्या बरणीसाठी भाजलेल्या मातीची भरड मिसळली तर तडे कमी जातात, मात्र वाटीचा काठ खरबरीत होतो. सर्वोपयोगी माती ही या दोहोंतील तडजोड असते. ती पारखण्यासाठी चार परीक्षा पुरतात.

एक : पेन्सिलीएवढी जाड वळी बोटाभोवती गुंडाळा. ती फाटली नाही तर आकार्यता चांगली.

दोन : ओल्या पट्टीवर १० सेंटिमीटरची रेघ ओढा. भाजल्यावर ती ८.८ भरली तर आकुंचन शेकडा १२. म्हणजे ११ सेंटिमीटर तोंडाची बरणी हवी असेल तर चाकावर तोंड १२.५ ठेवले पाहिजे.

तीन : भाजलेला तुकडा कोरडा तोला. तो दोन तास पाण्यात उकळून, रात्रभर तसाच ठेवून, पुसून पुन्हा तोला. २०० ग्रॅमचे २०४ झाले तर शोषण शेकडा २. बरणीला ते चालेल; शेकडा १० असेल तर तो माठच!

चार : भट्टीच्या वरच्या आणि खालच्या भागांत ठेवलेले तुकडे पाहा. तापमान सगळीकडे सारखे नसते. एकाच ठरावीक अंशाला नीट भाजणारी माती नवशिक्याला फसवते; जिचा पल्ला ५०-६० अंशांचा आहे ती घ्यावी. हे मोजण्यासाठी जर्मन रसायनज्ञ हेर्मान झेगर यांनी १८८६ साली मातीचे शंकू प्रचारात आणले. ठरलेली उष्णता मिळताच शंकू वाकतो.

मग इंदापूरची काळी माती अगदीच टाकाऊ का? नाही. जी माती लवकर वितळते, तीच पातळ कालवून स्टोनवेअरवर चढवली तर तिची तपकिरी झिलई होऊ शकते. अमेरिकेत ऑल्बनीजवळची नदीकाठची माती एकोणिसाव्या शतकात अशीच वापरली जात असे. मात्र काळी माती आकसून सोलली जाऊ नये म्हणून तिचा काही भाग आधी भाजून, दळून मिसळावा लागेल. प्रथम लहान तुकड्यावरच, खाली जुनी फरशी ठेवून प्रयोग करावा.

एकंदरीत, माती चांगली की वाईट हे तिच्या रंगावरून ठरत नाही. तिच्याकडून काय काम घ्यायचे आणि तिला किती तापवायचे, यावरून ठरते.