नावाविना नोंदलेल्यांचा अभ्यास

कृष्णवर्णीयांचा इतिहास, साहित्य, समाजजीवन आणि कला हा अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांत पदवीचा मुख्य विषय आहे. कुठे त्याला ‘ब्लॅक स्टडीज’ म्हणतात, कुठे ‘आफ्रिकन अमेरिकन स्टडीज’, तर कॉर्नेलसारख्या विद्यापीठात ‘आफ्रिकाना स्टडीज’. हा फरक केवळ पाटीचा नाही. ‘आफ्रिकाना’ म्हटले की आफ्रिका खंड, कॅरिबियन बेटे, ब्राझील, म्हणजे गुलामांची जहाजे जिथून निघाली आणि जिथे जिथे लागली तो सारा प्रदेश अभ्यासात येतो.

विद्यापीठांनी दार उघडण्याच्या कितीतरी आधी या विषयाची मशागत सुरू झाली होती. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी फिलाडेल्फियाच्या सातव्या वॉर्डात घरोघर फिरून माहिती गोळा केली आणि १८९९ मध्ये ती ग्रंथरूपाने मांडली. कार्टर वुडसन यांचे आईवडील गुलामीत जन्मलेले. कोळशाच्या खाणीत राबलेल्या या मुलाने १९१२ मध्ये हार्वर्डची डॉक्टरेट मिळवली, १९१५ मध्ये कृष्णवर्णीयांच्या इतिहासासाठी संस्था काढली आणि १९२६ च्या फेब्रुवारीत इतिहास सप्ताह सुरू केला. त्याच सप्ताहाचा १९७६ मध्ये महिना झाला.

विद्यापीठात मात्र हा विषय भांडून मिळवावा लागला. सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात ६ नोव्हेंबर १९६८ रोजी कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी संप पुकारला. आशियाई आणि लॅटिन अमेरिकी वंशाचे विद्यार्थी त्यात उतरले, पुढे प्राध्यापकही आले. आवारात पोलीस घुसले, शेकडो जणांना अटक झाली. साडेचार महिन्यांनी, मार्च १९६९ मध्ये समझोता झाला आणि ब्लॅक स्टडीजचा स्वतंत्र विभाग मान्य झाला. त्याची आखणी करणारे समाजशास्त्रज्ञ नेथन हेअर यांची नोकरी मात्र गेली. त्याच वर्षी हार्वर्डनेही विभाग काढला. ‘हे शिक्षण की चळवळ?’ असा प्रश्न तेव्हापासून विचारला जातो. त्याचे खरे उत्तर अभ्यासाच्या पद्धतीत आहे.

ही पद्धत एका कागदावरून समजते. १८५० आणि १८६० च्या अमेरिकी जनगणनेत गुलामांचे वेगळे तक्ते होते. त्यात मालकाचे नाव लिहिलेले, आणि त्याच्या गुलामांचे फक्त वय, लिंग आणि वर्ण. नाव जवळजवळ कुठेच नाही. गुलामगिरी संपल्यावर, १८७० च्या जनगणनेत ही माणसे प्रथमच नावानिशी दिसतात. त्यामुळे १८७० मध्ये चाळिशीत असलेल्या एखाद्या बाईचा माग मागे काढायचा, तर १८६० च्या तक्त्यातली तिशीची निनावी ओळ शोधावी लागते. मग मालकाचे मृत्युपत्र, विक्रीचे खत, चर्चचे दप्तर, पळालेल्या गुलामांच्या जाहिराती असे कागद ताडून पाहायचे. मालकाने स्वतःच्या सोयीसाठी केलेल्या नोंदीतून गुलामाचे आयुष्य वाचायचे, हे या विषयातले सर्वांत अवघड आणि सर्वांत मोलाचे काम.

बोलक्या पुराव्यांचीही पारख करावी लागते. १९३६ ते १९३८ या काळात सरकारी योजनेतून पूर्वी गुलाम असलेल्या दोन हजारांहून अधिक वृद्धांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. विचारणारे बहुतेक गोरे, सांगणारे गरीब आणि थकलेले. कोण विचारतो आहे हे पाहूनच माणूस उत्तर देतो. म्हणून बोललेल्या शब्दांइतकेच गाळलेले शब्दही विद्यार्थ्याला तपासावे लागतात.

इतिहासाच्या जोडीला साहित्य, धर्म, राजकारण आणि संगीत शिकवले जाते. शेतात आणि प्रार्थनेत गाइली जाणारी गुलामांची भक्तिगीते फिस्क विद्यापीठाच्या गायकांनी १८७१ पासून गावोगावी गाऊन आपल्या संस्थेसाठी पैसा उभा केला. गाणे इथे इतिहासाचे साधनही ठरते. १९८८ मध्ये टेम्पल विद्यापीठाने या विषयात डॉक्टरेटचा अभ्यासक्रम सुरू केला. हे शिकलेली मुले शिक्षण, वकिली, पत्रकारिता, संग्रहालये अशा क्षेत्रांत जातात. वाद मात्र शमलेला नाही. शाळकरी मुलांसाठी आखलेला या विषयाचा प्रगत अभ्यासक्रम २०२३ मध्ये फ्लोरिडा राज्याने नाकारला.

महाराष्ट्राशी या इतिहासाचे नाते जुने आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केला. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर ही संघटना उभी राहिली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेचे नाव घेऊन. त्याआधी, १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले होते. कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती त्यांनी मागवल्या होत्या, कारण अस्पृश्यांसाठीही तो मार्ग धरावा असा विचार त्यांच्या मनात होता. ड्यू बॉइस यांचे उत्तरही आले. हा पत्रव्यवहार अ‍ॅमहर्स्ट इथल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जपलेला आहे आणि तो कुणालाही वाचता येतो.