बैलांमागून आलेली सुई

जळकोटजवळच्या एका बंजारा तांड्यावर एका याडीने, म्हणजे आईने, पेटीतून स्वतःच्या लग्नातली कांचळी, म्हणजे चोळी, काढली. छातीवर आरशांच्या रांगा, कडेला कवड्या, आणि मधोमध ओळीने शिवलेले भोकाचे पैसे. हा पैसा 1943 ते 1947 एवढीच वर्षं पाडला गेला. "माझ्या याडीच्या कांचळीतनं उसवून घेतले," ती म्हणाली.

आरशाला भोक नसतं. आधी त्याच्यावरून उभे-आडवे धागे टाकून चौकट बांधायची, मग त्याच धाग्यांत सुई अडकवत गोल फिरायचं. हे टाके राजस्थानकडून इथवर आले. सतराव्या शतकात मुघल फौजा दख्खनेत उतरल्या, त्यांच्यामागून धान्य-मीठ लादलेले गोर बंजाऱ्यांचे तांडे. 1632 मध्ये पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला 14,000 बैलांचा तांडा भेटला होता. सतत चालणाऱ्यांना रंगवायला भिंत कुठली? हौस उतरली ती फेटियावर, म्हणजे घागऱ्यावर, कांचळीवर, बैलाच्या झुलीवर.

मग रेल्वे आली. 1911 मध्ये बार्शी लाइट रेल्वे लातूरला पोचली आणि बैलांच्या पाठीवरचं ओझं वाघिणीत गेलं. त्याआधीच 1871 च्या कायद्याने इंग्रजी मुलखात कितीतरी भटक्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. तो पुसायला 1952 उजाडलं. किनवट, माहूर, मुखेडच्या माळांवर तांडे स्थिरावले. पुरुषांचा धंदा बुडाला, बायांची सुई मात्र चालू राहिली. बंजाऱ्यांच्या गोरमाटी बोलीला स्वतःची लिपी नाही. मला तर हे टाकेच तिची अक्षरं वाटतात.

आता दिवाळीनंतर तांडेच्या तांडे ऊसतोडीला जातात. दिवसभर कोयता चालवून आलेल्या बाईने झोपडीवजा कोपीतल्या अंधारात कसली सुई ओवायची? अंगावर साडी आली. जुने फेटिया व्यापारी नेतात, कापून पिशव्या होतात. गोव्यात हणजुणेच्या बाजारात लमाणी, म्हणजे बंजारा, बाया असलं काम विकतात, ते परदेशी घरांत पोचतं. शिवणारीचं नाव मात्र वाटेतच गळतं. कर्नाटकात संडूरच्या लमाणी भरतकामाला भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्या मुखेड-जळकोटच्या बायांनाही त्यांच्या गावाच्या नावानिशी दाम मिळायला हवा, आणि तो या हातांत जोर आहे तोवरच.

निघताना पाहिलं, याडीच्या मांडीवर दुसरी कांचळी होती. नातीने तीजेच्या सणासाठी बाजारातून आणलेली, मशीनवरची. तिचे प्लास्टिकचे आरसे याडी एकेक करून उसवत होती. शेजारी वाटीत काचेचे तुकडे होते.