नवऱ्याचा पगार, काकांची सही

सकाळी ८.१५

न्यू जर्सीत आमचं ऑफिस उघडतं तेव्हा मुंबईत संध्याकाळचे पावणेसहा झालेले असतात. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकन कॉन्सुलेटमधल्या मुलाखती तोवर आटोपलेल्या असतात आणि त्यांची खबर माझ्या मेलबॉक्समध्ये येऊन थांबलेली असते. मी ओक ट्री रोडवर एका इमिग्रेशन वकीलबाईंकडे पॅरालीगल आहे. लग्न झालंय पण नवरा इकडे नि बायको तिकडे, किंवा उलट, अशा जोडप्यांच्या फाइली माझ्या टेबलावर असतात. त्यातली पैशांची बाजू माझ्याकडे. म्हणजे मुख्यतः फॉर्म आय-८६४: परदेशातल्या जोडीदाराला इमिग्रंट व्हिसा मिळावा म्हणून इथल्या जोडीदाराने सरकारला लिहून द्यायचं आर्थिक हमीपत्र.

आजचा, म्हणजे एप्रिल २०२५ च्या तिसऱ्या आठवड्यातला, पहिला मेल ठाण्याच्या मुलीचा आहे. मुलाखत चांगली झाली, पण शेवटी हातात २२१(जी) चा कागद ठेवला. ऑनलाइन स्टेटसमध्ये ‘रिफ्यूज्ड’ दिसतंय. दुपारपासून घरात कुणाच्या घशाखाली घास उतरलेला नाही.

मेलला उत्तर लिहीत बसत नाही, सरळ फोन लावते. २२१(जी) म्हणजे फाइल अपुरी आहे. मागितलेला कागद वर्षाच्या आत दिला की ती पुढे सरकते. तिच्याकडून कागदाचा फोटो मागवला. नवऱ्याचं ताजं टॅक्स रिटर्न हवंय. फाइल नोव्हेंबरमध्ये भरली तेव्हा २०२३ चं रिटर्न ताजं होतं. १५ एप्रिल उलटला आणि ते जुनं झालं. अधिकाऱ्याचं म्हणणं रास्त आहे. जर्सी सिटीतल्या नवऱ्याने मार्चमध्येच रिटर्न भरलंय. आयआरएसची, म्हणजे कर खात्याची, ट्रान्स्क्रिप्ट तयार असेल तर ती, नसेल तर १०४० या रिटर्न फॉर्मची पूर्ण प्रत आणि सोबत मालकाने दिलेला पगाराचा दाखला, डब्ल्यू-२. त्याला मेसेज टाकला. मुलीला सांगितलं, “आधी जेवून घ्या. हे कागद आज रात्रीपर्यंत तुमच्याकडे येतील.”

सकाळी ९.३०

पहिली अशील इथेच जन्मलेली, पंचविशीतली. नवरा नाशिकला. पर्समधून गेल्या वर्षीचं रिटर्न काढते आणि ते उलगडायच्या आतच तिचे डोळे भरून येतात. शिकत असताना अर्धवेळ काम केलं, त्याचे जेमतेम नऊ हजार डॉलर त्यात दिसतात.

मी आधी तिच्यापुढे तक्ता ठेवते. आरोग्य खातं दरवर्षी दारिद्र्यरेषेचे आकडे जाहीर करतं आणि हमीपत्र देणाऱ्याचं उत्पन्न त्या रेषेच्या १२५ टक्के लागतं. २०२५ च्या तक्त्यात दोन माणसांच्या कुटुंबासाठी रेषा २१,१५० डॉलरची आहे. तिचे १२५ टक्के म्हणजे २६,४३७. अलास्का आणि हवाईचे आकडे वेगळे आणि चढे. सैन्यात सक्रिय सेवेत असलेल्यांना जोडीदारासाठी शंभर टक्केच पुरतात.

“जानेवारीपासून तुम्ही हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहात ना? पगार किती?”

“बावन्न हजार.”

“मग हाच आकडा धरायचा.”

फॉर्म चालू वार्षिक उत्पन्न विचारतो. गेल्या वर्षीचं रिटर्न जोडावं लागतंच, पण पात्रता ठरते ती आज काय मिळवता त्यावर. मालकाचं पत्र हवं, त्यात रुजू झाल्याची तारीख, हुद्दा, वार्षिक पगार आणि नोकरी कायम आहे हे लिहिलेलं असावं. सोबत रुजू झाल्यापासूनच्या सगळ्या पे-स्टब आणि दोन ओळींचं स्पष्टीकरण: मागचं उत्पन्न कमी होतं, कारण शिक्षण चालू होतं. सोपा फॉर्म म्हणून आय-८६४ईझेड कुणीतरी तिला सुचवला होता. त्यात उत्पन्न डब्ल्यू-२ वर दिसावं लागतं आणि तिच्या नव्या पगाराचा डब्ल्यू-२ पुढच्या जानेवारीशिवाय येणार नाही. म्हणून पूर्ण फॉर्मच भरायचा.

जाताना ती रिटर्न पुन्हा पर्समध्ये ठेवू लागते. मी ते मागून घेते. नऊ हजारांचं असलं तरी ते फाइलमध्ये लागणार आहे.

सकाळी ११.००

पर्थ अँबॉयचा टॅक्सीवाला. मूळचा डॉमिनिकन, आता अमेरिकन नागरिक. बायको सांतियागोला. माझी सहकारी स्पॅनिशमध्ये बोलते, मी कागद वाचते. धंद्यात वर्षाला साठ हजारांच्या पुढे येतात असं तो सांगतो, आणि ते खरंही आहे. पण रिटर्नच्या शेड्यूल सी वर पेट्रोल, विमा, दुरुस्ती वजा करून खाली उरतात एकवीस हजार पाचशे. कॉन्सुलेटला दिसणार तो हा उरलेला आकडा. कर वाचवताना जे उत्पन्न कमी केलं, ते इथे वाढवून दाखवता येत नाही.

त्यानंतर माणसं मोजायची. चुका उत्पन्नाच्या रकान्यापेक्षा याच रकान्यात जास्त होतात. स्वतः, येणारी बायको, एकवीस वर्षांखालची अविवाहित मुलं, रिटर्नवर अवलंबून दाखवलेली माणसं आणि पूर्वी ज्यांच्यासाठी हमी दिली व ती अजून चालू आहे ते सगळे. याला आधीच्या लग्नाची दोन मुलं आहेत. म्हणजे चार माणसं: ४०,१८७ डॉलर. एकवीस हजार पाचशेत ते बसत नाही.

पण सख्खा भाऊ त्याच घरात राहतो आणि गोदामात अडतीस हजारांवर काम करतो. घरातला माणूस आय-८६४ए वर सही करून आपलं उत्पन्न त्यात जोडू शकतो. मग घर पाच माणसांचं, लागणार ४७,०६२. दोघांचे मिळून होतात ५९,५००. जमलं. भावाने मात्र स्वतः येऊन फॉर्म वाचून सही करायची, असं आम्ही सांगतो. टॅक्सीवाला म्हणतो, मी घरून सही आणतो. सहकारी मान हलवते आणि भावाला शनिवारची वेळ देते.

दुपारी १२.१५

फोनचा तास. प्रश्न तेच, पण विचारणाऱ्याला ते पहिल्यांदाच पडलेले असतात.

एडिसनमधल्या एकाला मित्रासाठी जॉइंट स्पॉन्सर, म्हणजे सहहमीदार, व्हायचंय. पगार दीड लाख. पण व्हिसा एच-वन बी. नाही चालणार. हमी देणारा अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक, अठरा वर्षांवरचा आणि अमेरिकेत राहणारा हवा. एच-वनवर कितीही पगार असला तरी ही सही करता येत नाही.

दुसरा फोन पुण्याहून. मुलगा अमेरिकन नागरिक, चार वर्षं हिंजवडीत नोकरी करतोय, आता बायकोला घेऊन परतायचंय. त्याची अडचण राहण्याच्या ठिकाणाची आहे. अमेरिकेत घर आहे, किंवा बायको पोचेपर्यंत तो तिथे बस्तान बसवणार आहे, हे कागदांनी दिसलं पाहिजे: नोकरीचं पत्र, भाडेकरार, बँक खातं, मतदार नोंदणी. शिवाय नुसती पुण्याची नोकरी उत्पन्नात धरली जात नाही. अमेरिकेत गेल्यावरही त्याच मालकाकडून पगार चालू राहणार असेल तरच उपयोग. त्याला यादी पाठवते आणि वकीलबाईंशी भेट ठरवते. कायद्याचा सल्ला देणं त्यांचं काम, माझं नाही.

डबा उघडेपर्यंत दीड वाजतो.

दुपारी २.००

सदुसष्ट वर्षांचे गृहस्थ. पत्नी गेल्यावर एकटे पडले, गेल्या वर्षी साताऱ्यात पुन्हा लग्न केलं. सोशल सिक्युरिटीचे वर्षाला अठरा हजार येतात, दुसरं उत्पन्न नाही. ते संकोचून विचारतात, “या वयात मुलाकडे हात पसरायचा का?”

पसरायची गरज नाही. सोशल सिक्युरिटीचं निवृत्तिवेतन उत्पन्नात पूर्ण धरलं जातं. कमी पडतात ८,४३७ डॉलर. ही तूट मालमत्तेने भरून काढता येते. इतर नातेवाइकांसाठी साधारणतः तुटीच्या पाचपट मालमत्ता लागते, पण नागरिकाच्या जोडीदारासाठी तिप्पट पुरते. आठ हजार चारशे सदतीस गुणिले तीन: २५,३११. त्यांच्या बचत खात्यात एकतीस हजार आहेत. गेल्या बारा महिन्यांची स्टेटमेंट्स मागवली.

ते विचारतात, साताऱ्याचं पत्नीचं घर दाखवता येईल का? येणाऱ्या जोडीदाराची मालमत्ताही चालते, भारतातली असली तरी. पण ती वर्षभरात विकून पैसे इकडे आणता आले पाहिजेत. मालकी, किंमत आणि कर्जाचा बोजा यांचे कागद लागतात. बँकेतले पैसे पुरत असताना घर मध्ये आणायचं कारण नाही. त्यांचा आणि मुलाचा प्रश्नच उरत नाही. ते शर्टाच्या खिशातून पेन काढून कागदाच्या कोपऱ्यात तो गुणाकार स्वतः एकदा करून बघतात, आणि उत्तर जुळल्यावर पेनाचं टोपण लावतात.

दुपारी ३.३०

पिस्कॅटवेचे काका. पुतण्या अमेरिकन नागरिक, नोकरी गेल्यावर पुन्हा कॉलेजात शिरलेला. त्याची बायको छत्रपती संभाजीनगरला. उत्पन्न नसलं तरी त्याला आय-८६४ भरावाच लागतो, कारण अर्जदार तो. त्याच्या जोडीला काका जॉइंट स्पॉन्सर होणार. जॉइंट स्पॉन्सरने एकट्याच्या बळावर पूर्ण रक्कम गाठायची असते. पुतण्याची आणि काकांची बेरीज चालत नाही. काका, काकू, कॉलेजातली मुलगी आणि पुतण्याची बायको मिळून चार. काकांचा पगार तक्त्याच्या कितीतरी वर आहे. आकड्यांची बाजू पाच मिनिटांत संपते.

“म्हणजे नावापुरतीच सही ना?” काका विचारतात.

इथे वकीलबाई खुर्ची पुढे ओढून बसतात. मी फॉर्मचं ते पान उघडून काकांसमोर ठेवते.

नावापुरती नाही. १९९६ साली अमेरिकेच्या काँग्रेसने कायदा बदलला आणि १९ डिसेंबर १९९७ पासून हे हमीपत्र कोर्टात बजावता येईल असा करार झालं. येणारी व्यक्ती गरजूंसाठीचे ठरावीक सरकारी लाभ घेऊ लागली तर सरकारी खातं ते पैसे सही करणाऱ्याकडून मागू शकतं. ती व्यक्ती स्वतःही, दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्क्यांपर्यंत निर्वाह द्या, म्हणून दावा लावू शकते. पुतण्या आणि काका दोघेही पूर्ण रकमेला बांधलेले राहतात.

“आणि त्यांचं पटलं नाही तर? घटस्फोट झाला तर?”

“तरीही संपत नाही,” वकीलबाई सांगतात.

ही हमी कधी संपते तेही सांगतात: पुतण्याची बायको अमेरिकन नागरिक झाली, तिच्या नावावर कामाच्या चाळीस तिमाह्या म्हणजे साधारण दहा वर्षं जमा झाली, ग्रीन कार्ड सोडून ती देशाबाहेर कायमची गेली, किंवा तिचा वा हमी देणाऱ्याचा मृत्यू झाला तर. २०१२ साली सेव्हन्थ सर्किटच्या अपील कोर्टात न्यायमूर्ती रिचर्ड पॉस्नर यांनी असाच एक घटस्फोटानंतरचा दावा निकाली काढला. बायकोने नोकरी शोधली नाही एवढ्यावर हमी देणाऱ्याची जबाबदारी कमी होत नाही, असा तो निकाल. काकांनी घर बदललं तर तीस दिवसांत आय-८६५ भरून सरकारला नवा पत्ता कळवायचा, हेही याच करारातलं.

काका बराच वेळ ते पान वाचतात. मग म्हणतात, “हे तिला विचारल्याशिवाय करणं बरं नव्हे.” तिला म्हणजे काकूंना. मी कोरा फॉर्म आणि त्याच्या सूचना पाकिटात घालून देते. पुतण्याचा चेहरा पडतो, हे मला दिसतं. तरी मी हेच म्हणेन की काका सही न करता गेले ते योग्य झालं. घाईत मिळवलेली सही पुढे दोन घरांत वैर उभं करते. समजून केलेली सही चार दिवस उशिरा आली तरी टिकते.

संध्याकाळी ५.३०

जर्सी सिटीचा नवरा ऑफिसातून तडक आला. ट्रान्स्क्रिप्ट अजून दिसत नाही, म्हणून १०४० ची सगळी पानं आणि डब्ल्यू-२ स्कॅन करून ठाण्याला रवाना केली. कॉन्सुलेटच्या पत्रात लिहिल्याप्रमाणे ती पुढे देईल.

मग नॅशनल व्हिसा सेंटरच्या फाइली. हे केंद्र न्यू हॅम्पशरमधल्या पोर्टस्मथला आहे. हमीपत्राचे १२० आणि व्हिसा अर्जाचे ३२५ डॉलर आधी भरायचे, मग कागद अपलोड करायचे. प्रत्येक आय-८६४ चं शेवटपर्यंत पान न पान बघते. सहीची तारीख राहिलेली असते, जन्मतारखेत महिना-दिवस उलटलेले असतात, उत्पन्नाचा आकडा पे-स्टबशी जुळत नसतो. यातली एक गोष्ट निसटली की फाइल परत येते आणि दोन माणसं आणखी काही आठवडे वेगळी राहतात. म्हणून या कामात मी फोन घेत नाही.

रात्री ९.००

कोल्हापुरात सकाळचे साडेसहा. व्हिडिओवर एक शिक्षिका आहे. शाळेला जायच्या आत बोलायचं तिने ठरवलंय. तिचा नवरा नेवार्कला, पगार चांगला, फाइल सरळ. आमच्याकडे दोघंही अशील असतात, म्हणून सहीआधीचा मसुदा आम्ही तिलाही पाठवतो.

“मला कशाला?” ती म्हणते. “पैशांचे कागद त्यांच्याकडेच असू देत. माझे सासरेही तेच म्हणाले.”

या प्रश्नाला मी कधी घाईत उत्तर देत नाही. लग्न होऊन आलेली बाई इथे पहिली काही वर्षं बऱ्याचदा नवऱ्याच्या पगारावर असते. संसार नीट चालला तर हा कागद कपाटातच राहतो आणि तसाच राहावा. पण कुणावर वाईट वेळ आलीच तर आपल्या निर्वाहाची हमी कुणी, किती आणि कधीपर्यंत दिली आहे हे तिला माहीत असलं पाहिजे. सही करणाऱ्याला करार समजावा म्हणून आम्ही दिवसभर खपतो. ज्या व्यक्तीसाठी तो होतो, तिला तो न वाचता विमानात बसवणं मला पटत नाही.

हे सगळं मी तिला सांगते. शेवटी म्हणते, “दिवसभरात वाचा. काही अडलं तर लिहून पाठवा, वकीलबाई उत्तरं देतील. ते सही करायच्या आधी तुमचे प्रश्न आले पाहिजेत. फाइल तोवर थांबेल.”